थकवा म्हणजे आळस नव्हे

(जिल्हा बैठकीत कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे, विजेचा प्रश्न आहे. त्यात 'थकवा' हा विषय पाहून काही कार्यकर्त्यांनी विचारले, हे काय नवीन? शेतकरी म्हटला की थकणारच. त्याच्यावर भाषण कशाला?

भाषण एवढ्यासाठी, की गावोगाव फिरताना एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते. घरातले एखादे कर्ते माणूस, बहुतेक वेळा घरची बाई, तापातून उठते आणि पुन्हा पहिल्यासारखी होतच नाही. पूर्वी दिवसभर कापूस वेचून, घरी येऊन स्वयंपाक करणारी बाई आता दोन तास वेचणीला गेली की पुढचे तीन दिवस अंथरूण धरते. महिना जातो, सहा महिने जातात, वर्ष जाते. घरात कुजबुज सुरू होते. कोणी म्हणते सुखाचे दुखणे आहे, कोणी म्हणते कामाचा कंटाळा आहे, कोणी म्हणते बाहेरचे काहीतरी आहे. मग देवऋषी होतो, तालुक्याच्या गावी सलाईन होते, पुन्हा सलाईन होते. शेवटी तिला माहेरी धाडतात. पैसा गेला, हंगाम गेला, माणूस तर गेल्यातच जमा. आणि झाले काय होते, हे कोणालाच कळले नाही.

आपल्या खतावणीत बियाण्याचा खर्च असतो, खताचा असतो, घरच्या बाईच्या मजुरीचा रकाना नसतो. जिची मजुरी कधी मांडली नाही ती अंथरुणाला खिळली, तर किती नुकसान झाले तेही कोणी मांडत नाही. म्हणून हा विषय विषयपत्रिकेवर आहे.

आम्ही डॉक्टर नाही. आमची पदवी शेतीची. औषध लिहून देणे हे आमचे काम नव्हे. पण निदान कोणत्या क्रमाने करायचे, ही शिस्त शेतीशास्त्रातही तीच आहे आणि वैद्यकातही तीच आहे. तेवढी शिस्त आज बोलून दाखवायची आहे.

लाल्यापासून घ्यायचा धडा

कपाशीवर लाल्या आला, म्हणजे पाने लाल पडली, की आपण काय करतो? चार पाने तोडून कृषी सेवा केंद्रात नेतो. दुकानदार पाने पाहतो, मागच्या फळीवरची बाटली काढतो, आपण ती फवारतो. पाने लालच राहतात, मग दुसरी बाटली.

पाने लाल पडणे हा रोग नाही, ते लक्षण आहे. शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल असेल तर मॅग्नेशियम कमी पडले असेल. कडा आधी पिवळ्या, मग लाल आणि पान वाटीसारखे मुडपलेले असेल तर तुडतुड्यांचे काम असेल. बोंडे भरताना झाडाला नत्र पुरले नसेल. पाण्याचा ताण पडला असेल, किंवा मुळाशी पाणी साचले असेल. रात्री एकदम थंडी पडली असेल. अर्धा डझन कारणे आणि लक्षण एकच. कारण न शोधता जो फवारतो त्याचा पैसाही जातो आणि पीकही.

थकवा हा माणसाचा लाल्या आहे. सलाईनची बाटली ही दुकानदाराने फळीवरून काढलेली बाटली आहे. त्या बाटलीत असते काय? अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. पाच टक्क्यांच्या ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच चमचे. उलट्या-जुलाब होऊन अंगातले पाणी गेले असेल तर हीच बाटली जीव वाचवते, त्यात वाद नाही. पण वर्षभराच्या थकव्यावर ती औषध नव्हे. बाटली लावल्यावर काही तास बरे वाटते, कारण रक्तात पाणी वाढते. ते लघवीवाटे गेले की माणूस होता तिथेच येतो.

पहिली फेरी : नेहमीची कारणे

थकवा महिनाभर हटला नाही तर पहिली फेरी नेहमीच्या कारणांची. यांतली बरीच कारणे पूर्ण बरी होणारी आहेत आणि बहुतेकांचा शोध सरकारी दवाखान्यात लागतो. ही फेरी कोणी टाळू नये.

सर्वांत आधी रक्त. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. पुरुषांतही हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे या मांडवातल्या दर दोन बायांमागे एकीचे रक्त कमी आहे असे समजायला हरकत नाही. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. कारणे आपल्या ओळखीची : पाळीत जास्त जाणारे रक्त, लागोपाठची बाळंतपणे, निकृष्ट खाणे, आणि अनवाणी शेतात वावरल्याने पायातून शिरणारे हुकवर्म जंत. लोहाची गोळी घ्यायची ती चहाबरोबर नको, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर चालते.

विदर्भातल्या लोकांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे काही समाजांत सिकलसेल आहे. रक्त कमी, अंग दुखते, डोळे पिवळे आणि घरात आणखी कोणाला असेच, असे असेल तर सिकलसेलची तपासणी आधी करून घ्यावी आणि लोह डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. २०२३ साली देशपातळीवर सिकलसेलची मोहीम सुरू झाली आहे. तपासणी मागा, मिळते.

मग क्षय. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, रात्री घाम. बेडक्याची तपासणी आणि औषध, दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत. मग साखर. मग थायरॉईड : अंग जड, थंडी सोसत नाही, केस गळतात, वजन वाढते. टीएसएच ही एक तपासणी केली की कळते. मग बी-१२ जीवनसत्त्व. जे मांस-अंडी खात नाहीत आणि ज्यांच्या घरचे दूध सगळे डेअरीला जाते, त्यांच्यात ते कमी पडते. पायाला मुंग्या येणे ही त्याची एक खूण. मूत्रपिंड आणि यकृत यांचीही एकेक रक्त तपासणी करून घ्यावी.

दोन कारणे खास आपल्या धंद्यातली, ती आपण होऊन डॉक्टरांना सांगितली पाहिजेत. पहिले जनावरांचे. गाय-म्हैस किंवा शेळी गाभडली, तिचे वार आपण उघड्या हाताने काढले, किंवा धारोष्ण कच्चे दूध प्यालो, तर ब्रुसेला नावाचा जंतू अंगात शिरतो. येणारा-जाणारा ताप, घाम, सांधे दुखणे आणि महिनोन्महिने थकवा. शहरातला डॉक्टर तुम्हाला विचारणार नाही की तुमची गाय गाभडली होती का. तुम्ही सांगा.

दुसरे फवारणीचे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले, हे आपण विसरलेलो नाही. मेले ते मोजले गेले. पण फवारल्यावर दोन दिवस डोके जड, मळमळ, हातपाय गळाल्यासारखे, असा त्रास होऊनही चौथ्या दिवशी पंप पुन्हा पाठीवर घेणारे कुठे मोजले जातात? थकवा फवारणीच्या दिवसांतच वाढतो का, हे पाहावे. डॉक्टरांकडे जाताना औषधाच्या बाटलीवरचे लेबल बरोबर न्यावे. ऑर्गॅनोफॉस्फरस जातीच्या औषधासाठी रक्तातल्या कोलिनएस्टरेजची तपासणी असते.

शेवटचे कारण मनाचे. कर्ज, नापिकी, घरातला मृत्यू यांनी माणूस खचतो आणि खचलेले मन अंगात थकवा आणते. उदासीनता हा खरा आजार आहे, त्याला औषध आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. जगणे नकोसे वाटते असे कोणी बोलले तर त्या माणसाला एकटे सोडू नका.

आणि हे वेगळे सांगतो. वजन भराभर उतरणे, श्वास लागणे, छातीत दुखणे, कुठूनही रक्त जाणे, मानेत-काखेत गाठ, ही लक्षणे असतील तर तपासणी पुढे ढकलू नका.

रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाही असे नव्हे

आता कठीण भाग. पहिली फेरी झाली. रक्त ठीक, क्षय नाही, साखर नाही, थायरॉईड ठीक. डॉक्टर म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही झालेले नाही." आणि बाई तर उठू शकत नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते. माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश ठीक आले म्हणजे शेतात काहीच बिघडलेले नाही असे आपण म्हणतो का? जे तपासले ते ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

एक आजार असा आहे की नेहमीच्या कुठल्याच तपासणीत तो दिसत नाही. त्याचे नाव क्रॉनिक फटिग सिंड्रोम. डॉक्टर लोक त्याला एमई-सीएफएस असेही म्हणतात. आपण जुनाट थकव्याचा आजार म्हणू. त्याला रक्ताची तपासणी अजून निघालेली नाही. तो ओळखायचा तो लक्षणांवरून. २०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने त्याच्या खुणा ठरवून दिल्या. त्या अशा.

पहिली खूण : पूर्वी जमत होती ती कामे आता जमत नाहीत, हे सहा महिन्यांहून जास्त चालले आहे, थकवा नव्याने सुरू झालेला आहे, फार कष्टांमुळे आलेला नाही आणि विश्रांतीने जात नाही.

दुसरी खूण सर्वांत महत्त्वाची : श्रमानंतरची घसरण. काम केले त्या वेळी कदाचित काही वाटत नाही. पण बारा तासांनी, दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी माणूस कोसळतो. अंग ठणकते, घसा धरतो, डोके चालत नाही, उजेड आणि आवाज सोसत नाही. हे दोन दिवस टिकते, आठवडाही टिकते. काम मोठेच असले पाहिजे असे नाही. विहिरीवरून दोन हंडे आणणे, लग्नात तासभर बसणे, बँकेत रांगेत उभे राहणे एवढेही पुरते.

तिसरी खूण : झोपून उठले तरी झोप झाल्यासारखी वाटत नाही.

आणि चौथी, या दोहोंपैकी एक तरी : डोक्यात धुके भरल्यासारखे होणे, शब्द न आठवणे, हिशेब चुकणे, किंवा उभे राहिले की त्रास वाढणे, चक्कर, धडधड, आणि आडवे झाले की बरे वाटणे.

या खुणा निदान निम्मे दिवस तरी आणि चांगल्या जोराच्या असल्या पाहिजेत. ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत तर सहा महिने थांबायलाही सांगितलेले नाही, तीन महिन्यांत निदान करा असे म्हटले आहे.

नुसती उदासीनता आणि हा आजार यांतला फरक कसा ओळखायचा? विचारा, "उद्या अंगात ताकद आली तर काय कराल?" मन मेलेल्या माणसाला काही करावेसेच वाटत नाही. या आजाराचा माणूस घडाघडा यादी सांगतो : वेचणी राहिली, तूर निवडायची राहिली, पोरीकडे जायचे राहिले. इच्छा आहे, अंग साथ देत नाही. अर्थात वर्षभर अंथरुणावर पडून, टोमणे ऐकून हा माणूसही उदास होतो, आणि तेव्हा दोन्हींवर उपचार लागतात.

हे येते कुठून

नेमके कारण अजून सापडलेले नाही, पण बऱ्याच जणांत सुरुवात एखाद्या तापाने होते. ऑस्ट्रेलियात डुब्बो नावाचे शेतीवाडीच्या मुलखातले गाव आहे. तिथे तीन प्रकारच्या तापांनी आजारी पडलेल्या २५३ लोकांवर डॉक्टरांनी नजर ठेवली. एक ताप ग्रंथी सुजवणारा, एक जनावरांपासून येणारा क्यू फीवर, आणि एक डासांपासून येणारा रॉस रिव्हर ताप. हा रॉस रिव्हरचा विषाणू आपल्या चिकनगुनियाच्या विषाणूचा चुलतभाऊच म्हणायचा. २००६ साली अहवाल आला. सहा महिन्यांनंतरही सुमारे १२ टक्के लोक उठलेले नव्हते. ताप तीन वेगळे, पण मागे राहिलेले दुखणे सारखेच. आणि कोण मागे राहणार हे कशावरून ठरले? मनाने कमकुवत कोण यावरून नाही. सुरुवातीचा ताप किती जोराचा होता, यावरून.

कोविडनंतर हेच मोठ्या प्रमाणावर दिसले. कोविड होऊन गेल्यावर महिनोन्महिने न सावरलेल्यांपैकी बऱ्याच जणांत याच खुणा आढळतात. अमेरिकेत २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत शंभर प्रौढांमागे १.३ जणांनी हा आजार असल्याचे सांगितले. पुरुषांपेक्षा बायांत हा आजार जास्त आहे.

आळशी ठरवण्याचा इतिहास

ज्यांचे दुखणे कळत नाही त्यांना आळशी ठरवायचे, ही रीत फक्त आपल्या गावातली नाही. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात सुमारे तीनशे कर्मचारी अशा आजाराने पडले. रुग्णालय काही काळ बंद ठेवावे लागले. पंधरा वर्षांनी, १९७० साली, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद चाळून निकाल दिला, की हा उन्मादाचा प्रकार होता. त्यांच्या पुराव्यांपैकी एक असा, की आजारी पडलेल्यांत बाया जास्त होत्या. रुग्णांना त्यांनी तपासलेही नव्हते.

मग दुसरा काळ आला. रुग्ण हालचालीला घाबरतात, म्हणून अशक्त राहतात. त्यांना दर आठवड्याला थोडा थोडा व्यायाम वाढवून द्या, असे सांगितले जाऊ लागले. ब्रिटनच्या २००७ च्या सरकारी मार्गदर्शिकेत ते आले. २०११ साली ६४१ रुग्णांवरच्या मोठ्या प्रयोगाने या उपचाराने गुण येतो असे जाहीर केले. रुग्ण म्हणत होते, आम्हाला याने जास्त त्रास होतो. त्यांचे कोणी ऐकले नाही. शेवटी रुग्णांनीच प्रयोगाचे आकडे मागितले. ते देण्याला विरोध झाला, प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले, २०१६ साली आकडे बाहेर आले. पुन्हा हिशेब मांडला तेव्हा बरे झालेल्यांचे प्रमाण सांगितले होते त्याहून बरेच कमी निघाले. २०२१ च्या ऑक्टोबरात ब्रिटनने ती वाढत्या व्यायामाची शिफारस काढून टाकली.

अंथरुणावर पडलेल्या माणसांनी आकडे मागून तज्ज्ञांची शिफारस बदलायला लावली. आकड्यांसाठी आपणही आयुष्यभर भांडत आलो आहोत. त्यामुळे या लढ्याची किंमत आपल्याला निराळी सांगायला नको.

श्रमानंतरची घसरण ही कल्पना नाही याला आणखी एक पुरावा आहे. निरोगी माणसाला आज सायकल यंत्रावर पूर्ण दमवले आणि उद्या पुन्हा दमवले, तर त्याची कामाची ताकद जवळजवळ तेवढीच भरते. या रुग्णांत दुसऱ्या दिवशी ती खाली आलेली दिसते. यंत्र काही टोमणे मारत नाही आणि लाडही करत नाही.

उपसा झऱ्याइतका

आता मुख्य प्रश्न : करायचे काय? हा आजार मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. जो कोणी तसे सांगून पैसे घेईल तो फसवतो आहे. पण माणूस आहे त्याहून खाली जाणार नाही आणि हळूहळू थोडा वर येईल, अशी वागण्याची पद्धत आहे. ती कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही, कारण ती आपण विहिरीवर रोज पाळतो.

उन्हाळ्यात विहिरीचा झरा बारीक होतो. तासभर मोटार चालली की तळ दिसतो. शहाणा शेतकरी काय करतो? अर्धा तास उपसतो, थांबतो, पाणी जमू देतो, पुन्हा उपसतो. हावरट माणूस तळ लागला तरी मोटार चालू ठेवतो. मग गाळ येतो, मोटार जळते. या आजाराच्या माणसाचे अंग म्हणजे बारीक झऱ्याची विहीर. उपसा झऱ्याइतकाच. तळ दिसायच्या आधी थांबायचे.

हे प्रत्यक्षात कसे करायचे ते सांगतो.

एक. पंधरा दिवस वही लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारे पोर लिहील. तीन रकाने : काय काम केले, किती वेळ केले, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कसे होते. पंधरा दिवसांत दिसते की कोणत्या कामाने माणूस पडतो. डॉक्टरांकडे जाताना हीच वही न्या, दहा रिपोर्टांपेक्षा ती जास्त बोलते.

दोन. जेवढे जमेल असे वाटते त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा. कामाचे तुकडे पाडा. भाकरी करायच्या तर उकिडवे बसून दहा एकदम थापू नका. चार थापा, आडवे व्हा, मग उरलेल्या. दमल्यावर विश्रांती नको, दमायच्या आधी विश्रांती. आणि ती खरी विश्रांती हवी : डोळे मिटून, आडवे होऊन, बोलणे बंद, टीव्ही बंद. डोक्याचे काम आणि रडारड यांनीही झरा आटतो.

तीन. चांगल्या दिवसाला भुलू नका. सर्वांत जास्त नुकसान चांगल्या दिवशी होते. आज बरे वाटले म्हणून बाई राहिलेले सगळे आवरते आणि पुढचे आठ दिवस पडून राहते. चांगल्या दिवशीही ठरलेलेच काम. कित्येक आठवडे घसरण झाली नाही, तरच थोडे वाढवून पाहायचे. घसरण झाली की मागे यायचे.

चार. उभे राहून त्रास होत असेल तर कामे बसून करा, स्नान बसून करा. दवाखान्यात डॉक्टर एक साधी तपासणी करू शकतात : दहा मिनिटे आडवे ठेवून आणि मग दहा मिनिटे भिंतीला टेकून उभे करून नाडी आणि रक्तदाब मोजायचा. उभे राहिल्यावर नाडी मिनिटाला तीस ठोक्यांहून जास्त वाढून तशीच राहिली तर त्याला वेगळे नाव आहे आणि त्याला थोडेफार औषधही आहे. पाणी भरपूर प्या. रक्तदाब, मूत्रपिंड आणि हृदय ठीक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले तर मीठ थोडे वाढवता येते. उन्हाने हा त्रास वाढतो, म्हणून जे काही काम ते सकाळच्या गारव्यात.

पाच. झोप आणि दुखणे यांच्यावर डॉक्टरांकडून औषध घ्या. या रुग्णांना औषधे लवकर लागतात आणि बाधतात, म्हणून मात्रा अगदी कमीपासून सुरू करायला सांगा. ताकदीची इंजेक्शने आणि नाव न सांगता दिलेल्या पुड्या घेऊ नका. पुडीत स्टेरॉईड असले तर चार दिवस हुरूप येतो, आणि मग साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. औषधाचे नाव विचारणे हा तुमचा हक्क आहे.

याने काय होईल? पूर्ण बरी होणारी मोठी माणसे थोडी असतात, हे लपवायचे कारण नाही. मुले जास्त सावरतात. पण कोसळण्याचे फेरे कमी झाले की बऱ्याच जणांचे जगणे पुष्कळ सुसह्य होते. निदान चौघांत एक रुग्ण कधी ना कधी घरात किंवा अंथरुणात कोंडला जातो. त्याला अंधार, शांतता, हाताशी पाणी-जेवण आणि कमी माणसे लागतात. भेटायला जाणाऱ्यांनी पाच मिनिटांत उठावे.

घराने आणि गावाने काय करायचे

विहिरीची शिस्त पाळायची तर उरलेले काम कोणीतरी करायला हवे. खरी अडचण इथे आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापूस फुटलेला असतो, मजूर मिळत नाही, आणि घरची बाई म्हणते, "मी नाही गेले तर कोण जाईल?" मग ती जाते आणि वर्षभराची पडते. डॉक्टरच्या चिठ्ठीवर 'विश्रांती' लिहिलेले असते, पण कोरडवाहू घराला विश्रांती परवडत नाही. ती परवडेल अशी सोय गावानेच करायची आहे.

आपल्याकडे इर्जिक होती, सावड होती. एकाच्या शेतावर सगळे, उद्या दुसऱ्याच्या. ज्या घरात असे आजारपण आहे त्या घराची एक-दोन वेचणी गटाने उचलावी. आजारी माणसाने बदल्यात बसून होईल ते द्यावे : हजेरी लिहिणे, बियाणे निवडणे, लहान पोरांवर नजर ठेवणे, तेही झऱ्याइतकेच. घरातल्या पुरुषांनी चूल आणि पाणी यांत हात घालावा. वेचलेला कापूस डोक्यावर वाहून आणणाऱ्याला पाण्याचा हंडा जड होत नाही.

आणि बोलणे सांभाळावे. "उठलीस की बरं वाटेल", "आम्हीपण दमतो", "मनावर घे" ही वाक्ये प्रेमाने बोलली तरी विषासारखी लागतात. शेती तोट्यात गेली की बाहेरचे लोक म्हणतात, शेतकऱ्याला काम नको. तेव्हा आपल्याला किती झोंबते! हिशेब न पाहता कोणी आपल्याला आळशी म्हटलेले आपण सोसत नाही. मग घरच्या माणसाचा हिशेब न पाहता त्याला तरी आळशी का म्हणायचे?

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने एवढे करावे. गावात सहा महिन्यांहून जास्त 'थकून' पडलेली माणसे कोण, ते पाहावे. त्यांची पहिली फेरी झाली आहे का ते विचारावे. नसेल तर त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात बरोबर घेऊन जावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासण्या आणि उपचार मोफत करण्याचा निर्णय झालेला आहे, तो तिथे ठामपणे सांगावा. दहांतल्या बऱ्याच जणांचे रक्तच कमी निघेल आणि ती माणसे दोन-तीन महिन्यांत उठून कामाला लागतील. ज्यांचे काहीच निघणार नाही त्यांच्या हाती वही द्यावी, आणि त्यांच्या घरी बसून विहिरीची गोष्ट समजावून सांगावी. नावे चावडीवर वाचायची नाहीत. ज्याचे दुखणे त्याच्या घरात राहील.

पुढच्या वेळी कापसाच्या भावाच्या आधी या याद्यांचा आढावा घेऊ. एवढे बोलून आम्ही थांबतो.